पायाचा हिशेब रहिवाशांपुढे मांडा

इमारतीचा दर्जा लोक भिंती आणि फरशी पाहून ठरवतात. तिचे आयुष्य मात्र जमिनीखालच्या, कोणाच्याच दृष्टीस न पडणाऱ्या पाइलवर ठरते. पाइल किती भार पेलेल हा प्रश्न केवळ अभियंता आणि कंत्राटदार यांच्यावर सोपवून भागणार नाही.

हा अंदाज माती-परीक्षणातून निघतो. जमिनीत छिद्र घेऊन त्यात ६३.५ किलोचा घण ७५ सेंटिमीटरवरून पाडतात आणि नमुन्याची नळी शेवटचे ३० सेंटिमीटर उतरण्यास किती ठोके लागले ते मोजतात. त्यावरून आणि मातीच्या नमुन्यांवरून पाइलच्या टोकाखालचा आधार व अंगाभोवतीचे घर्षण यांचा हिशेब मांडतात. परंतु दोन छिद्रांमधली जमीन कोणी पाहिलेली नसते. मुंबईत अनेक ठिकाणी भरावाखाली खाडीचा मऊ गाळ आहे आणि त्याखाली कमीअधिक खोलीवर मुरूम व खडक. असा गाळ नव्या भरावाने दबू लागला की पाइलला आधार देण्याऐवजी तिच्यावर उलट भार टाकतो.

म्हणूनच प्रत्यक्ष भार देऊन चाचणी घ्यावी लागते. भारतीय मानक २९११ (भाग ४) प्रमाणे नेहमीच्या चाचणीत कामाच्या भाराच्या दीडपट भार देतात. पण तिचे किमान प्रमाण अर्धा टक्का, म्हणजे दोनशे पाइलमागे एक. ही एक पाइल निवडायची कोणी? ज्याचे काम तपासायचे त्यानेच निवडली, तर ती चाचणी कसली?

ही शंका अनाठायी नाही. जपानमधील योकोहामा येथे २००७ साली चार इमारतींची, ७०५ घरांची वसाहत पुरी झाली. २०१४ साली दोन इमारतींना जोडणाऱ्या कठड्यात सुमारे दोन सेंटिमीटरचा फरक रहिवाशांना दिसला. आधी २०११च्या भूकंपाकडे बोट दाखवले गेले. २०१५ साली उघड झाले, की ४७३ पाइलपैकी ७० पाइलच्या नोंदी बनावट होत्या आणि काही पाइल भक्कम थरापर्यंत पोहोचल्याच नव्हत्या. कंत्राटाखाली पोटकंत्राट, त्याखाली आणखी एक. जबाबदारी प्रत्येक पायरीवर पातळ होत गेली होती. शेवटी २०१६ साली चारही इमारती पाडून नव्याने बांधण्याचा निर्णय रहिवाशांनी घेतला.

तेथे पायाची कायदेशीर हमी दहा वर्षांची होती. आपल्या २०१६च्या स्थावर संपदा कायद्यात रचनेतील दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षांचीच आहे. योकोहामाचा दोष सातव्या वर्षी दिसला!

तेव्हा मागण्या तीन आहेत. माती-परीक्षणाचा अहवाल, प्रत्येक पाइलची नोंद आणि चाचणीचे निकाल ताब्याबरोबर गृहनिर्माण संस्थेच्या दप्तरी आले पाहिजेत. चाचणीची पाइल स्वतंत्र अभियंत्याने निवडली पाहिजे. पायाची हमी दहा वर्षांची झाली पाहिजे. पुनर्विकासाच्या प्रत्येक सभेत कार्यकर्त्यांनी चटईक्षेत्राच्या आधी हे प्रश्न विचारावेत. गाळावर कोण राहणार हे बाजार ठरवतो. निदान त्या गाळाखाली काय आहे हे जाणण्याचा हक्क तरी तेथे राहणाऱ्यांचा असला पाहिजे.