गरोदरपणात वजन किती वाढावं? उसाच्या फडात हा हिशेब ठेवणार कोण?

बीड : दसरा झाला की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून ट्रक-ट्रॅक्टर भरून निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरलेला असतो. या गर्दीत चौथ्या-पाचव्या महिन्यातल्या बायकाही असतात. पिशवीत भांडी, कपडे, ज्वारी-बाजरीचं पीठ सगळं जातं. मागं राहतं ते अंगणवाडीतून मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड. आणि कार्ड सोबत असलं तरी त्यावरचा वजनाचा रकाना पुढचे पाच-सहा महिने बऱ्याचदा कोराच राहतो.

हा कोरा रकाना साधा वाटतो, पण तसा तो नाही. गरोदर बाईचं वजन दर महिन्याला किती वाढतंय, ही पोटातल्या बाळाची सगळ्यात स्वस्त तपासणी आहे. तिला सोनोग्राफीचं मशीन लागत नाही, काटा पुरतो. मात्र एकदा वजन करून काही कळत नाही. मागच्या महिन्याचा आकडा समोर असेल तरच यंदाच्या आकड्याला अर्थ येतो. गाव सुटलं की आकड्यांची ही साखळीच तुटते.

दहा किलो जातात कुठं?

सरकारी मार्गदर्शनाप्रमाणे नऊ महिन्यांत साधारण ९ ते ११ किलो वजन वाढायला हवं. पहिले तीन महिने मळमळ-उलट्यांमुळं वजन फारसं वाढत नाही, क्वचित थोडं घटतंही. त्यानंतर महिन्याला साधारण दोन किलो, म्हणजे आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास वाढ अपेक्षित असते. खाणं अपुरं पडलं तर सगळी वाढ पाच-सहा किलोवरच थांबते.

आधीच हडकुळी असलेल्या बाईचं वजन याहून जास्त वाढावं लागतं. आधीच अंगानं जाड असलेल्या बाईला कमी वाढ पुरते. म्हणून जावेचं किंवा शेजारणीचं किती वाढलं, याच्याशी तुलना करून उपयोग नाही.

"बाळ तर तीन किलोचं, मग दहा किलो कशाला?" असं घरात विचारलं जातं. बाकीचं वजन वार, गर्भजल, मोठं झालेलं गर्भाशय, अंगातलं वाढलेलं रक्त आणि दूध पाजण्यासाठी शरीरानं साठवलेली चरबी यांचं असतं. यातलं काहीच फुकट जात नाही.

"बाळ मोठं झालं तर सिझर होईल"

खेड्यापाड्यात अजूनही दोन टोकाची बोलणी ऐकू येतात. एक, "दोन जिवांची आहेस, दोघांचं खा." दुसरं, "जास्त खाऊ नको, बाळ मोठं झालं तर सिझर करावं लागेल." दुसऱ्या सल्ल्यानं जास्त नुकसान होतं. कमी खाल्ल्यानं बाळंतपण सोपं होईल याची खात्री नाही. बाळ मात्र अशक्त जन्मतं आणि आईचं रक्त कमी होतं. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला जंतुसंसर्गाचा आणि दगावण्याचा धोका जास्त असतो.

दोघांचं खायचीही गरज नाही. रोजच्या जेवणात साधारण ३५० उष्मांकांची भर पुरते. म्हणजे एखादी जादा भाकरी, वाटीभर वरण किंवा उसळ आणि कपभर दूध.

पुण्याजवळच्या सहा गावांनी काय दाखवलं

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होतं. ज्या बायका हिरव्या पालेभाज्या, फळं, दूधदुभतं वरचेवर खात होत्या, त्यांची बाळं जास्त भरलेली होती. सगळ्यात हडकुळ्या बायकांमध्ये पालेभाजीचा हा फरक जास्त ठळक दिसला.

याच अभ्यासात दुसरी गोष्टही पुढं आली. शेतातली कामं, पाणी वाहणं अशी अंगमेहनत जास्त, तिथं बाळाचं वजन कमी. म्हणजे ताटात काय पडतं एवढंच पाहून भागत नाही, डोक्यावर काय येतं तेही पाहावं लागतं. ऊसतोडीत बाई मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते, फडातून आल्यावर कोपीत चूल पेटवते. एक दिवस घरी बसलं तर खाडा पडतो. तिला "आराम कर" म्हणणं सोपं आहे. खाड्याचे पैसे कोण भरणार, हे कुणी सांगत नाही.

दोन्ही बाजूंनी अडचण

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) राज्यात १५ ते ४९ वयोगटातल्या २०.८ टक्के बायका प्रमाणापेक्षा बारीक, तर २३.४ टक्के जाड आहेत. गरोदर बायकांपैकी ४५.७ टक्के जणींना रक्तक्षय आहे. त्यामुळं सगळ्यांना एकच सल्ला देऊन चालत नाही. एका महिन्यात तीन किलोच्या वर वजन वाढलं तर "बाळ चांगलं पोसतंय" म्हणून खूश होऊ नये. जुळं, साखर किंवा वाढलेला रक्तदाब, काहीही असू शकतं. सोबत तोंडावर-हातावर सूज, डोकेदुखी, डोळ्यापुढं अंधारी असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

योजना आहेत, पण त्या गावात

गरोदर बाईला अंगणवाडीतून आहार मिळतो. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून शेवटच्या तिमाहीपासून एक वेळचं ताजं जेवण मिळतं. पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला ५ हजार रुपये, दुसरी मुलगी झाली तर ६ हजार रुपये आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. पण यादी गावची आणि बाई कारखान्यावर, अशी गत झाली की हक्क कागदावर राहतो. नवीन ठिकाणी कुठल्या अंगणवाडीत जायचं, हेच तिला ठाऊक नसतं.

यावर मोठ्या घोषणेची गरज नाही. गाव सोडण्याआधी आशाताईंकडून वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन कार्डावर लिहून घ्यावं आणि कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवावा. तळावर पोचल्यावर जवळच्या अंगणवाडीत ते दाखवून नाव नोंदवावं. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. शेवगा, तांदुळजा, चाकवत, शेंगदाणे, मोड आलेली मटकी हे बाजारच्या महागड्या पावडरीपेक्षा परवडतं.

उरलेलं काम बाईच्या हातात नाही. टोळीत किती गरोदर बायका आहेत, हे मुकादमाला ठाऊक असतं. तो आकडा कारखान्याच्या शेतकी विभागाकडून आरोग्य केंद्रापर्यंत गेला आणि महिन्यातून एकदा काटा घेऊन कुणी तळावर आलं, तर रकाना कोरा राहणार नाही. कारखान्याच्या काट्यावर उसाच्या प्रत्येक गाडीचं वजन होतं. ती गाडी भरणाऱ्या गरोदर बाईचं महिन्यातून एकदा का होऊ नये?