रविवारी मटण शिजतं, पण ताटात कोणाच्या किती पडतं?

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात चक्कर मारा. मटणाच्या दुकानासमोर हातात पिशवी किंवा स्टीलचा डबा घेतलेली माणसं उभी दिसतील. बहुतेक पुरुषच. दुपारी बाराच्या पुढे त्याच गावातल्या गल्ल्यांतून खोबरं आणि कांदा भाजल्याचा वास यायला लागतो. इंग्लंडमध्ये रविवारी चर्चमधून आल्यावर अख्ख्या कुटुंबाने भाजलेल्या मांसाभोवती बसायची रीत आहे. आपल्याकडे मांस भाजत नाहीत, मसाला भाजतात. बाकी गोष्ट बरीचशी तीच आहे: आठवड्यातून एकदा, सगळे घरी, एक मोठं भांडं.

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गडचिरोलीच्या सीमेजवळ केशोरी हे गाव आहे. भाताचा पट्टा, बाजूला जंगल, जवळ इटियाडोह धरण. या परिसराची ओळख म्हणजे इथली लाल मिरची. पूर्व विदर्भातल्या बाजारांत ‘केशोरीची मिरची’ म्हटलं की वेगळं काही सांगावं लागत नाही. तर्रीला जो रंग आणि ठसका लागतो, तो इथल्या शेतातून जातो. म्हणून आठवड्याच्या या जेवणाकडे केशोरीतून बघू.

हे आत्ताच का? कारण गेल्या दोन-तीन वर्षांत महाराष्ट्रात ‘कोणी, कोणत्या दिवशी, काय खायचं’ यावर बरीच भांडणं झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने स्वातंत्र्यदिनी कत्तलखाने आणि मांसविक्री बंद ठेवण्याचा आदेश काढला. नागपूर, मालेगाव, छत्रपती संभाजीनगर या महापालिकांचेही असेच आदेश होते. विरोधकांनी टीका केलीच, पण सत्तेतल्या अजित पवारांनीही हे पटत नसल्याचं उघडपणे सांगितलं. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी हा आजचा निर्णय नसून १९८८ पासूनचा असल्याकडे बोट दाखवलं. त्याआधी मार्च २०२५ मध्ये झटका मटणासाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्राची घोषणा झाली होती आणि त्यावरूनही आठवडाभर चर्चा रंगली.

हे आदेश महापालिकांचे. केशोरीत ग्रामपंचायत आहे, त्यामुळे तिथे थेट फरक पडला नाही. पण या सगळ्या वादात एक साधी गोष्ट मागे पडली, ती म्हणजे वारांचं गणित.

सात दिवसांतून उरतात तीन

ज्या घरांत मांसाहार चालतो, त्या घरांतही तो रोज चालत नाही. सोमवार महादेवाचा. मंगळवार देवीचा किंवा गणपतीचा. गुरुवार दत्ताचा, साईबाबांचा. शनिवार मारुतीचा. प्रत्येक घर हे सगळे वार पाळतं असं नाही, पण एखाद-दुसरा वार बहुतेक घरांत पाळला जातोच, आणि सासूचा एक, सुनेचा दुसरा असं झालं की यादी वाढते. मग उरतात बुधवार, शुक्रवार आणि रविवार. त्यात एकादशी, चतुर्थी, अमावस्या आली की अजून एक गळतो. श्रावणात तर अख्खा महिना. म्हणूनच श्रावण संपताना येणाऱ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीच्या दिवशी, विदर्भात मटणाच्या दुकानांसमोर जी गर्दी होते ती बघण्यासारखी असते.

म्हणजे मांसाहारी महाराष्ट्र खरं तर आठवड्यातले बरेच दिवस शाकाहारीच असतो, आणि तोही कोणी सक्ती न करता. बंदीचा आदेश निघाल्यावर लोक चिडतात त्यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं. स्वतः पाळलेला वार आणि नोटिशीने लादलेला वार, दोन्हींत ताट सारखंच दिसतं, पण ते सारखे नसतात. (१५ ऑगस्ट २०२५ ला शुक्रवार होता, हेही लक्षात घ्या.)

कायद्याचं म्हणाल तर न्यायालयांनी दोन्ही बाजूंना थोडं थोडं दिलंय. पर्युषण काळात अहमदाबादमधले कत्तलखाने नऊ दिवस बंद ठेवण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मान्य केला. थोड्या दिवसांचं बंधन अवाजवी नाही, असा त्याचा आधार होता. २०१५ मध्ये मुंबईत मात्र पर्युषणातल्या मांसविक्री बंदीला मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली.

रविवार आला कुठून?

रविवारची सुट्टी आपल्याला इतकी नैसर्गिक वाटते की ती कोणीतरी मिळवून दिली असेल असं डोक्यातच येत नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० पर्यंत आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांची संघटना उभारली आणि कित्येक वर्षं ही मागणी लावून धरली. १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार, हा मुद्दा या मागणीच्या संदर्भात आवर्जून सांगितला जातो.

गिरणीत सुट्टी आली आणि तिच्यामागून निवांत शिजवायचं जेवण आलं. शेतीत असं काही नसतं. रोवणी रविवार बघून थांबत नाही. केशोरीसारख्या गावात रविवार महत्त्वाचा झाला तो शाळा, बँक आणि कचेऱ्यांमुळे. त्याआधी आठवडा मोजला जायचा तो बाजारावरून. ज्या दिवशी आठवडी बाजार, त्या दिवशी हातात पैसा, त्या दिवशी चुलीवर काहीतरी वेगळं. आजही रोजंदारी करणाऱ्या घरांत ‘मटणाचा वार’ कोणता हे बऱ्याचदा बाजार ठरवतो, कॅलेंडर नाही.

किलोभर मटण म्हणजे दोन दिवसांपेक्षा जास्त मजुरी

आता पैशांचं बघू. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. बकऱ्याच्या मटणाचा भाव राज्यात बऱ्याच ठिकाणी किलोमागे सातशे-आठशे रुपयांच्या घरात गेलाय. म्हणजे एक किलो मटणासाठी दोन दिवसांची मजुरी पुरत नाही. पाच माणसांच्या घरात एक किलो म्हणजे काही चैन नाही, हाडं धरून माणशी दोनशे ग्रॅम.

गावांत यावर जुना उपाय आहे: वाटे घालणे. पाच-सहा घरांनी मिळून एक बोकड घ्यायचा, कापायचा आणि सारखे वाटे करायचे. प्रत्येक वाट्यात थोडी मांडी, थोडी बरगडी, थोडी कलेजी, थोडी चरबी. तराजू नसला तरी चालतो, कारण सगळे समोर उभे असतात. बोकड थेट शेजाऱ्याकडून घेतला तर मधला व्यापारी वाचतो आणि पैसे धान निघाल्यावर दिले तरी चालतात. ही पद्धत फ्रीज नसलेल्या काळातली आहे, पण बिनव्याजी उधारीची सोय म्हणूनही ती टिकली.

मटण महागण्याचं कारण फार गूढ नाही. ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांत दोन किलोची होते. बोकड विकण्याजोगा व्हायला वर्षाच्या आसपास लागतं, आणि त्या काळात कोणीतरी रोज त्याला चारायला नेणारं लागतं. पूर्वी हे काम घरातली म्हातारी माणसं आणि मुलं करायची. आता मुलं शाळेत जातात, ते बरंच आहे. परिणाम असा की रविवारचं मटण हळूहळू रविवारचं चिकन झालं. केंद्राच्या आकडेवारीनुसार २०२३-२४ मध्ये देशात सुमारे १ कोटी २ लाख टन मांसाचं उत्पादन झालं आणि त्यात जवळपास निम्मा वाटा कोंबडीचा होता. उत्पादनात महाराष्ट्र पहिल्या तीन राज्यांत आहे.

शहरातले लोक जास्त मांस खातात असा आपला समज असतो. केंद्राच्या २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत वेगळं दिसतं. ग्रामीण कुटुंबाच्या एकूण खर्चात अंडी-मासे-मटणाचा हिस्सा सुमारे ५ टक्के, तर शहरी कुटुंबात साडेतीन टक्क्यांच्या आसपास. याचा अर्थ गावात जास्त खातात असा नाही. खर्चच कमी असल्यामुळे आठवड्यातून एकदा आणलेलं मटणही त्यात मोठं दिसतं.

आणि ज्यांना मटण परवडत नाही?

पूर्व विदर्भात याचं उत्तर मासळी आहे. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत मालगुजारी काळातले हजारो तलाव आहेत. मामा तलाव म्हणतात ते हेच. तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाचं कौशल्य हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. केशोरीच्याच तालुक्यातला नवेगाव बांध त्यांच्याच कामाचा नमुना मानला जातो. या तलावांत आणि शेतातल्या बोड्यांत मिळणारे छोटे देशी मासे आणि झिंगे हे गरीब घराचं आठवड्याचं मांस. ताजे मिळाले तर रस्सा, नाही तर वाळवून ठेवलेली सुकट.

अडचण अशी झाली की तलावांत कटला-रोहूसारख्या लवकर वाढणाऱ्या, बाजारात विकल्या जाणाऱ्या माशांचं बीज सोडलं जाऊ लागलं. बेशरमाच्या झुडपांनी काठ भरले, गाळ साचला, शेतातली रसायनं उतरली. मोठा मासा व्यापाऱ्याकडे जातो. छोटा मासा, जो मुठीने घरी यायचा, तो कमी झाला. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढीवर समाजातल्या महिलांनी काही तलावांतून बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या, देशी मासे परत यावेत म्हणून कित्येक वर्षं कष्ट घेतले आणि त्याचा परिणामही दिसला. माझ्या मते मांसाहाराच्या चर्चेत बातमी व्हायला हवी ती ही. ‘मल्हार’ला जेवढा वेळ मिळाला त्याच्या दहावा हिस्साही हिला मिळाला नाही.

पातेलं एक, वाढप वेगळं

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) पुरुष आणि स्त्रियांना वेगवेगळं विचारलं गेलं की मासे, चिकन किंवा मटण किती वेळा खाता. १५ ते ४९ वयोगटात आठवड्यातून किमान एकदा खाणारे पुरुष निघाले ५७.३ टक्के. स्त्रिया ४५.१ टक्के. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या फेरीत हे आकडे ४८.९ आणि ४२.८ होते. पाच वर्षांत पुरुषांचं प्रमाण आठ टक्क्यांहून जास्त वाढलं, स्त्रियांचं जेमतेम सव्वादोन. फरक सहावरून बारावर गेला. हे आकडे देशभरातले आहेत.

बायका उपास जास्त करतात, वार जास्त पाळतात, हे त्याचं एक कारण. पुरुष बाहेर धाब्यावर खातात, हे दुसरं. तिसरं कारण आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. आमच्याकडे रविवारी आई शेवटी जेवायची. तेव्हा पातेल्यात रस्सा असायचा, एखादं हाड असायचं, आणि आपल्याला रस्साच आवडतो असं ती सांगायची. मी हे विशीपर्यंत खरं मानत होते.

रस्सा चविष्ट असतोच. पण लोह फोडींत असतं, त्यातही कलेजीत. मांसातलं लोह शरीर डाळ-भाजीतल्या लोहापेक्षा सहज घेतं आणि सोबत खाल्लेल्या भाजीतलं लोह शोषायलाही मदत करतं. त्याच सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये आणि पाच वर्षांखालच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्ताची कमतरता आहे. रक्त कमी असण्याची कारणं बरीच असतात आणि शाकाहारातूनही लोह मिळवता येतं, हे खरंच. तरी ज्या घरात आठवड्यातून एकदाच मांस शिजतं, तिथे त्या एका वेळेला कोणाच्या ताटात काय पडलं याला किंमत आहे. भातावर जगणाऱ्या पट्ट्यात तर जास्तच.

मुलांसाठी सरकारने यावर एक उपाय केला होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. अंडं न खाणाऱ्यांना केळं. वार ठरले बुधवार किंवा शुक्रवार, म्हणजे सरकारी निर्णय लिहिणाऱ्यालाही वारांचं गणित माहीत होतं. त्याला विरोधही झाला. २८ जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयाने अंड्यांसाठीचा वेगळा निधी बंद झाला. द्यायची असतील तर शाळांनी लोकसहभागातून द्यावीत, असं सांगण्यात आलं.

शहरातल्या शाळेला लोकसहभाग मिळू शकतो. कोणी वाढदिवसाला अंडी देईल, कोणी दुकानदार मदत करेल. केशोरीच्या आसपासच्या, जंगलाकडेच्या एखाद्या छोट्या जिल्हा परिषद शाळेत लोकसहभाग मागायचा तो त्याच पालकांकडे, ज्यांना किलोभर मटणासाठी दोन दिवसांपेक्षा जास्त राबावं लागतं. शाळेतल्या अंड्याची आणखी एक गोष्ट होती. ते मोजून मिळायचं, मुलाला एक आणि मुलीलाही एक, आणि तिथे कोणालाही रस्साच आवडतो असं सांगावं लागत नव्हतं.