गव्हाचं सोवळं

आपल्याकडे सध्या दोन तऱ्हेची माणसं गहू खात नाहीत. एक, ज्यांना तो खाऊन चालणार नाही. दोन, ज्यांना तो खात नसल्याचं चारचौघांत सांगितल्याशिवाय चालत नाही. पहिल्यांना बोलायचा संकोच, दुसऱ्यांना गप्प बसायचा. आणि पहिल्यांहून मोठा एक तिसरा गट आहे. त्यांनी गहू कधीच सोडायला हवा होता, पण ते दोन्ही वेळा पोळी खाताहेत, कारण त्यांचं रक्त आजवर कुणी तपासलेलंच नाही. भांडण या तिसऱ्यांसाठी आहे. टिंगल मात्र आधी दुसऱ्यांची करू, ती सोपी आहे.

हे दुसरे तुमच्या ओळखीचे आहेत. ऑफिसात डबा उघडता उघडता जाहीर करतात, "मला ग्लुटेन सूट होत नाही." कुणी सांगितलं? "बॉडी सांगते ना!" ही बॉडी भलतीच विदुषी असते. पोळी दिसली की तिला त्रास होतो, शनिवारच्या पिझ्झ्याने होत नाही, कारण तो चीट डे. बिअरने तर मुळीच होत नाही. बिअर बार्लीची असते आणि बार्लीत ग्लुटेन असतं, ही वार्ता तिच्यापर्यंत पोचलेलीच नसते. खपलीची पोळी ती तब्येतीत रिचवते, कारण विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलेलं असतं की खपलीत ग्लुटेन नसतंच. अहो, खपली हा गहूच! जुना, देशी, खिरीला झकास, दामदुप्पट महाग, पण गहू. त्यात ग्लुटेन आहे आणि ज्याला खरा आजार आहे त्याला तो तितकाच वर्ज्य आहे. देशी म्हटल्याने प्रथिनं पावन होत नाहीत.

आता तो खरा आजार. गहू, बार्ली आणि राय या धान्यांतल्या काही प्रथिनांना मिळून ग्लुटेन म्हणतात. ते पोटात गेल्यावर काहींच्या शरीराची संरक्षक फौज शत्रू समजून स्वतःच्याच लहान आतड्यावर तुटून पडते, याला सीलिअ‍ॅक म्हणतात. आतड्याच्या आतल्या बाजूला अन्नरस शोषणारे बोटांच्या आकाराचे सूक्ष्म उंचवटे असतात. ते झिजत झिजत सपाट होतात. मग माणूस जेवतो चारीठाव आणि अंगाला काही लागत नाही. जुलाब, पोटदुखी ही लक्षणं सर्वांना माहीत. पण कित्येकांचं पोट अगदी गुणी असतं आणि बोंब भलतीकडेच असते. रक्त वाढत नाही, मुलाची उंची खुंटते, हाडं ठिसूळ होतात, तोंड सारखं येतं, दिवस राहत नाहीत. याला एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ हा जनुकांचा वारसा लागतो. तो असलेल्या बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. नसलेल्याला मात्र सीलिअ‍ॅक होणं जवळजवळ अशक्य.

गव्हाचा हा गुन्हा कुणा वेलनेस गुरूला ध्यानात दिसलेला नाही, बरं का. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धाच्या शेवटी, हॉलंडमध्ये अन्नान्नदशा झाली, पाव मिळेनासा झाला. सगळा देश खंगत असताना त्यांची ही आजारी पोरं सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा ढासळली. आजचा एखादा गुरू एवढ्यावर सात दिवसांचं शिबिर काढून मोकळा झाला असता. डिकेंनी मुलांचे आहार बदलून बदलून मोजमापं घेतली आणि १९५० साली प्रबंध लिहिला. काय हा वेळेचा अपव्यय!

"हे गोऱ्यांचे आजार" म्हणणाऱ्यांसाठी थोडे आकडे. दिल्ली परिसरातली २०११ ची पाहणी सांगते, साधारण ९६ माणसांमागे एकाला सीलिअ‍ॅक. २०१६ ची वेगवेगळ्या प्रांतांतली पाहणी सांगते, रक्तात या रोगाची प्रतिपिंडं सापडली ती उत्तरेत शंभरात एकाहून थोड्या जास्त लोकांच्या, दक्षिणेत हजारात एकाच्या. आपण महाराष्ट्रीय भाकरी आणि पोळीच्या सीमेवर बसलेलो आहोत, तेव्हा निर्धास्त राहायचं कारण नाही.

मग सीलिअ‍ॅक नसताना "पोळी खाल्ली की पोट फुगतं" म्हणणारे सगळे थापाडे? मुळीच नाही. पोट खरंच फुगतं. वाद आहे तो फुगवतो कोण याचा. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या पीटर गिब्सन यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं, की सीलिअ‍ॅक नसलेल्यांनाही ग्लुटेनने त्रास होतो असं दिसतं. झालं, बाजाराला मुहूर्त मिळाला. पण २०१३ मध्ये त्याच गटाने जास्त कडक प्रयोग केला. ३७ जणांच्या आहारातून आधी आतड्यात आंबून वायू धरणारी कर्बोदकं कमी केली आणि मग त्यांना न कळवता ग्लुटेन दिलं. ग्लुटेनचा म्हणून वेगळा परिणाम दिसला नाही. आपल्याच निष्कर्षाला आपणच सुरुंग लावणारा हा माणूस! याला आपल्याकडे एक फॉलोअर मिळाला नसता.

पुढे २०१८ मध्ये ऑस्लोत ५९ जणांना बाहेरून सारख्या दिसणाऱ्या म्युझलीच्या वड्या दिल्या. एकीत ग्लुटेन, एकीत फ्रुक्टान नावाचं कर्बोदक, एकीत दोन्ही नाही. सगळ्यांत जास्त पोट बिघडवलं ते फ्रुक्टानने. हे फ्रुक्टान गव्हात असतं तसंच कांद्यात असतं, लसणात असतं. म्हणजे आमचे ग्लुटेनत्यागी पोळीला हद्दपार करून भाकरीवर कांदा फोडतात, बाजूला लसणाची चटणी घेतात, आणि संध्याकाळी पोट पुन्हा फुगलं की म्हणतात, "कुठेतरी ग्लुटेन गेलं असणार!"

या दुसऱ्या प्रकाराला ग्लुटेन सोसत नाही म्हणा किंवा गहू सोसत नाही म्हणा, त्याची खूण पटवणारी रक्तचाचणी नाही. आतड्याची नासधूस होत नाही. सीलिअ‍ॅक नाही, गव्हाची अ‍ॅलर्जी नाही (ती तिसरीच भानगड, तिच्यात अंगावर गांधी उठतात, प्रसंगी श्वास कोंडतो), एवढं नक्की झाल्यावर उरतं ते हे. यात गहू कमी करून बरं वाटलं तर खुशाल कमी करावा. चिमूटभर मैद्याने आभाळ कोसळत नाही. सीलिअ‍ॅकमध्ये कोसळतं. वरून त्रास सारखाच वाटतो, आत दोन वेगळ्या गोष्टी चाललेल्या असतात, आणि आत काय चाललंय हे 'बॉडी' सांगत नाही. प्रयोगशाळा सांगते.

तीही कुठली प्रयोगशाळा? दोनशे पदार्थांची 'फूड इन्टॉलरन्स' चाचणी करणाऱ्या दुकानातून गुळगुळीत कागदावर लाल-पिवळा-हिरवा रिपोर्ट येतो. त्यात आयजीजी प्रतिपिंडं मोजलेली असतात. ती एवढंच सांगतात, की हा पदार्थ तुमच्या पोटात गेलेला आहे आणि शरीराशी त्याची ओळख आहे. युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच बजावलं, की या चाचणीवरून पथ्य ठरवू नका. थोडक्यात, आपण काय जेवतो हे जाणून घ्यायला लोक हजारो रुपये मोजतात. आईला विचारलं असतं तर तिने फुकट सांगितलं असतं.

याहून स्वस्त पद्धत टेनिसपटू नोव्हाक जोकोविचने आपल्या पुस्तकात दिली आहे. २०१० साली एका डॉक्टरने त्याला पावाचा तुकडा पोटाशी धरायला लावला, दुसरा हात आडवा करायला सांगितला आणि तो खाली दाबला. हात लुळा पडल्यासारखा झाला. पाव गुन्हेगार! पुढे तो जिंकत गेला आणि जगभरच्या हौशी लोकांनी बेकरीची वाट सोडली. त्याचा फोरहँड कुणी उचलला नाही, पथ्य तेवढं उचललं. फोरहँडला कष्ट पडतात.

खरी तपासणी नीरस आहे. रक्तातली टीटीजी-आयजीए प्रतिपिंडं मोजायची, सोबत एकूण आयजीए. हे दुसरं का? काहींच्या शरीरात आयजीए मुळातच नगण्य असतं, त्यांची पहिली चाचणी खोटीच निर्दोष येते. टीटीजी वाढलेलं निघालं तर पोटाच्या डॉक्टरांकडे जायचं, दुर्बीण घालून लहान आतड्याच्या सुरुवातीचे चार-सहा बारीक तुकडे काढायचे, ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. लहान मुलांत टीटीजी सामान्य मर्यादेच्या दहापटींहून वर असेल आणि दुसरी एक खात्रीची चाचणीही जुळली, तर तुकडे न काढताही निदान करतात. यात ना शिबिर, ना डिस्काउंट कूपन.

आणि यातली मुख्य अट अशी, की तपासणीच्या वेळी माणूस गहू खात असला पाहिजे. गहू सोडला की प्रतिपिंडं उतरतात, आतडं भरून येऊ लागतं, रिपोर्ट स्वच्छ येतो. म्हणजे आधी तीन महिने ग्लुटेन सोडून मग "एकदा टेस्ट करून टाकू" म्हणणारा शहाणा चोराला गावाबाहेर सोडून येतो आणि मग पंचनाम्याला बसतो. त्याला डॉक्टर सांगतात, आता पुन्हा काही आठवडे रोज पोळी खा, मग या. ज्याला खरोखर सीलिअ‍ॅक असतो त्याचे या आठवड्यांत हाल होतात. तो मधेच सोडून देतो आणि जन्मभर "बहुतेक असावा" या अवस्थेत लोंबकळतो. त्याच्या भावंडांना कुणी तपासत नाही, कारण याचंच नक्की नाही. वास्तविक रुग्णाच्या आईबाप-भावंडं-मुलांत शंभरात सात-आठ जणांना हा आजार निघतो. हे सगळं 'सहज सोडून बघ' या एका सल्ल्याचं कर्तृत्व. सल्ला देणारा तोवर दुधाकडे वळलेला असतो.

डॉक्टरमंडळींनी हसू नये. माझ्या भाचीला एका डॉक्टरांनी वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या दिल्या. हिमोग्लोबिन वाढेना की गोळीचा ब्रँड बदलायचा. "मुलगी पालेभाजी खात नाही," हे निदान. ती बिचारी पालेभाजी खात होती, बीट खात होती, गूळ-शेंगदाणे खात होती; लोह शोषायला आतडं शिल्लक नव्हतं. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी टीटीजी लिहून दिलं आणि कोडं सुटलं. घरातल्या कुणाला मधुमेहाचा पहिला प्रकार असेल, थायरॉइडचा स्वयंप्रतिकार आजार असेल, गोळ्यांना दाद न देणारा पंडुरोग असेल, तर ही चाचणी मागून घ्या. मागितल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. झाला तर डॉक्टर बदला.

निदान झालं की घरचे विद्वान पुढे सरसावतात. बहिणीकडे सत्यनारायण होता. तिच्या सासरच्या काकूंनी रव्याचा शिरा भाचीच्या हातावर ठेवायला आणला. "अगं, कणभर घे. प्रसादाला नाही म्हणू नये. कलावतीचं काय झालं ठाऊक आहे ना?" मी म्हटलं, "काकू, पोथीतच आहे की, गव्हाचं पीठ नसेल तर तांदळाचं घ्यावं." काकू क्षणभरही अडल्या नाहीत. "ते गहू मिळत नसतील तेव्हा!" घ्या. देवाने सवलत दिली होती, भक्तांनी काढून घेतली.

हा 'कणभर' केवढा असतो? रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेलं तर रुग्णाचं आतडं बिघडतं, असं २००७ मध्ये प्रयोगाने दिसलं आहे. एका पोळीत अडीच-तीन ग्रॅम ग्लुटेन धरा. म्हणजे पोळीचा पन्नासावा तुकडा. ताटात पोळी मोडताना सांडतो त्याहून लहान. म्हणून तर ग्लुटेन-फ्री म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने घातली आहे. आता स्वयंपाकघरात चला. हिंगाची डबी हातात घ्या, चष्मा लावा, घटक वाचा. अनेक डब्यांवर हिंगाबरोबर गव्हाचं पीठ सापडेल. वरण निर्दोष, फोडणी सदोष. ज्वारी गिरणीत नेता? आधीचं गिऱ्हाईक गहू दळून गेलेलं असतं, त्याचं पीठ जात्याला चिकटलेलं असतं, ते तुमच्या ज्वारीत उतरतं. पुऱ्यांच्या कढईत तळलेला साबुदाण्याचा पापड उपवासाला चालत असेल, सीलिअ‍ॅकला चालत नाही.

ज्या घरात लोणच्याच्या बरणीला ओला हात लागला की बोंबाबोंब होते, ज्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सोवळ्याची भांडी वेगळी ठेवली, कुणाच्या सावलीने काय विटाळतं याचे बारीकसारीक नियम पाळले, त्या घरात एका मुलीसाठी एक वेगळा तवा ठेवायचा म्हटलं की सगळे एकदम पुरोगामी होतात. "एवढं काय त्यात?" आयुष्यात पहिल्यांदाच सोवळ्याला शास्त्राचा आधार मिळाला, तर सोवळं पाळायला माणूस मिळेना! आणि "तिला तसलं फॅड आहे" हे काकूंच्या तोंडी आलं कुठून? ऑफिसातल्या त्या बॉडीवाल्यांकडून. त्यांनी ग्लुटेन हा शब्द इतका उधळला, की खऱ्या रुग्णाने तो उच्चारला तरी हॉटेलातला वेटर डोळे फिरवतो.

राहता राहिला बाजार. तो तांदळाच्या पाकिटावरही 'ग्लुटेन-फ्री' छापतो. तांदळात ते कधी नव्हतंच. साखर आणि स्टार्चची बिस्किटं तिप्पट दराने विकतो. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे वेफर्स, जिलबीऐवजी चार पेढे, हे सगळं गव्हावाचून होतं. एकादशीला खाऊन कुणी बारीक झाल्याचं ऐकलंय? आणि ज्याला पथ्य खरंच लागतं त्याला ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई आपल्या मातीतच पिकते. फक्त निवडून, वेगळी दळून आणायची. पण त्यावर रील निघत नाही.

तेव्हा मंडळी, गहू सोडायचा तर जरूर सोडा, तुमचं पोट, तुमची पोळी. फक्त क्रम पाळा: आधी रक्त द्या, मग व्याख्यान.