ढकललेली मोटार

साहित्याला वाहिलेल्या या पत्रिकेत मोटारगाडीचा विषय काढल्याबद्दल काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची कल्पना आहे. परंतु विषय मोटारीचा नसून परीक्षणाचा आहे, आणि परीक्षण म्हणजे काय हा प्रश्न आपल्या मंडळींना परका नाही. एखादे पुस्तक कंटाळवाणे आहे असे म्हणण्याचा परीक्षकाला पूर्ण अधिकार आहे. लेखकाने त्यावर चरफडावे, फार तर प्रत्युत्तर लिहावे. मात्र बांधणी कच्ची असल्याचे दाखवण्यासाठी परीक्षकाने स्वतःच चार पाने फाडली आणि ती फाटकी प्रत सभेत उंचावून दाखवली, तर ते मत उरत नाही. ती खोटी साक्ष होते.

14 डिसेंबर 2008 रोजी बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ या लोकप्रिय कार्यक्रमात जेरेमी क्लार्कसन यांनी टेस्ला कंपनीच्या रोडस्टर या विद्युत स्पोर्ट्‌स मोटारीचे परीक्षण केले. तिच्या वेगाचे त्यांनी मनापासून कौतुक केले. लोटस कंपनीच्या पेट्रोलवरील एलिस गाडीला तिने शर्यतीत मागे टाकल्याचेही दाखवले. मग सूर पालटला. कंपनी 200 मैलांचा, म्हणजे सुमारे 320 किलोमीटरचा पल्ला सांगते. आमच्या चाचणीच्या मार्गावर मात्र 55 मैलांतच वीज संपेल असा आमचा हिशोब आहे, असे त्यांनी सांगितले. आणि पाठोपाठ पडद्यावर काय दिसले? माणसे ती गाडी ढकलत शेडमध्ये नेत आहेत. गाडीची वीज संपली, याखेरीज दुसरा कोणता अर्थ सामान्य प्रेक्षकाने त्यातून काढावा?

टेस्लाचे म्हणणे असे, की चाचणीला दिलेल्या दोन गाड्यांपैकी एकीचाही विजेचा साठा 20 टक्क्यांच्या खाली गेला नव्हता; गाडीतील नोंदी तसे सांगतात. यावर बीबीसीचा खुलासा मोठा मासलेवाईक होता. वीज संपली असती तर काय झाले असते, हे दाखवण्यासाठी ते दृश्य चित्रित केले, असे सांगण्यात आले. ‘असती’ आणि ‘असते’ ही संकेतार्थाची रूपे खुलाशात आली; पडद्यावर मात्र शुद्ध वर्तमानकाळ होता. व्याकरण शिकलेल्या कोणालाही हा फरक क्षुल्लक वाटू नये.

55 मैलांचा आकडा खुद्द टेस्लाच्याच तंत्रज्ञांकडून मिळाला होता, असे कार्यक्रमाचे निर्माते अँडी विल्मन यांनी 2011 साली जाहीरपणे लिहिले. तो आकडा आपण खरा धरू. माझी तक्रार आकड्याविषयी नाहीच. घरच्या साध्या प्लगवर गाडी भरायला 16 तास लागतात, हा त्यांचा आक्षेपही रास्तच होता. भरधाव हाकली की कोणत्याही गाडीचा पल्ला आक्रसतो. त्याच वर्षी त्याच कार्यक्रमाने पाच महागड्या पेट्रोल गाड्यांत प्रत्येकी एक गॅलन इंधन घालून त्या आपल्या मार्गावर सुसाट पळवल्या होत्या. फेरारी 599 ही गाडी 1.7 मैलांत कोरडी पडली. तिच्या टाकीत 105 लिटर, म्हणजे सुमारे 23 ब्रिटिश गॅलन पेट्रोल मावते. गुणाकार केला तर पूर्ण टाकीवर तिचा पल्ला जेमतेम 39 मैल भरतो. रोडस्टरपेक्षा 16 मैल कमी! तरीही फेरारीचा ‘खरा’ पल्ला 39 मैलांचा आहे, असे कोणी सुचवले नाही. तेथे ती मौज होती, येथे तो गाडीचा दोष ठरला. पेट्रोल पाच मिनिटांत भरता येते, हा फरक खराच. तो तोंडाने सांगता आला असता, सांगितलाही होता. त्यासाठी गाडी ढकलण्याची गरज नव्हती.

टेस्लाने मार्च 2011 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात बदनामीचा व दुष्ट हेतूने केलेल्या असत्य विधानांचा दावा लावला. न्यायमूर्ती टुगेंडहॅट यांनी बदनामीचा भाग त्याच वर्षी फेटाळला: शर्यतीच्या मार्गावरील पल्ल्याची तुलना रस्त्यावरील नेहमीच्या वापराशी कोणी समंजस माणूस करणार नाही, असे त्यांचे मत पडले. उरलेला दावाही 2012 मध्ये टिकला नाही आणि मार्च 2013 मध्ये अपिलातही टेस्ला हरली. तेव्हापासून कार्यक्रमाचे चाहते हा निकाल प्रमाणपत्रासारखा मिरवतात. पण न्यायालयाने कशाचा निवाडा केला? कायद्याच्या अर्थाने बदनामी होऊ शकते का आणि नुकसानीचा धागा त्या विधानांशी जुळतो का, एवढ्याचाच. ते दृश्य प्रामाणिक होते, असे प्रशस्तिपत्र न्यायालयाने दिलेले नाही. दंड झाला नाही म्हणून वर्तन सचोटीचे ठरते, हा युक्तिवाद आपण आपल्या नगरसेवकाच्या तोंडूनही ऐकून घेत नाही.

‘अहो, तो करमणुकीचा कार्यक्रम आहे, इतके मनाला काय लावून घेता?’ हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि तोच मला सर्वांत पोकळ वाटतो. गोव्यात वा सावंतवाडीकडे दशावतार पाहणाऱ्याला रावणाच्या मुखवट्यामागचा गावकरी ठाऊक असतो. सोंग हे सोंग म्हणूनच पुढे येते, म्हणून त्यात फसवणूक नाही. क्लार्कसन मात्र त्या कार्यक्रमात खऱ्या गाडीचे खरे नाव घेत, खरी किंमत सांगत, घड्याळ लावून वेग मोजत. त्या मोजमापावर लोकांनी विश्वास ठेवावा अशीच त्यांची अपेक्षा असे. मग अडचणीत आल्यावर ‘ते सोंग होते’ म्हणणे, हे दोन्ही दगडांवर पाय ठेवणे झाले. त्यातून बीबीसी ही परवाना शुल्कातून चालणारी संस्था. (याच कार्यक्रमाच्या 2011 च्या भारतभेटीत जग्वार गाडीच्या मागे संडास बसवला, तेव्हा आपल्या उच्चायुक्तालयाने तक्रार केली. तो विनोद हीन अभिरुचीचा होता, पण त्यात लबाडी नव्हती. संडास खरोखरच तेथे होता.)

एकदा चूक झाली म्हणून सोडून द्यावे, तर जुलै 2011 मध्ये त्याच धर्तीचा दुसरा प्रकार घडला. निसान लीफ या विद्युत गाडीची वीज लिंकन शहरात संपल्याचे दाखवले गेले. या वेळी ती खरोखरच संपली होती. परंतु गाडी निघाली तेव्हाच तिच्यात सुमारे 40 टक्के वीज होती आणि शहरात तिला मुद्दाम दहा मैलांहून अधिक घिरट्या घालायला लावल्या, हे कंपनीकडील नोंदींवरून उघड झाले. प्रेक्षकांना यातले काही सांगितले नव्हते.

अमेरिकेत एनबीसी वाहिनीने 1992 साली जनरल मोटर्सच्या ट्रकला धडकेत आग लागते हे दाखवताना ट्रकखाली ठिणगी पाडणारी साधने दडवली होती. बिंग फुटल्यावर फेब्रुवारी 1993 मध्ये वाहिनीने पडद्यावरच माफी मागितली आणि वृत्तविभागाच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले. त्या ट्रकच्या टाकीविषयीचे आक्षेप गंभीर होते. बनवाबनवीने त्यांचेच वजन घटले.

याचा अर्थ मी टेस्लाची वकिली करतो असा कोणी घेऊ नये. 2013 च्या फेब्रुवारीत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मॉडेल एस गाडीवर प्रतिकूल लेख छापला, तेव्हा इलॉन मस्क यांनी गाडीतील नोंदी प्रसिद्ध करून वार्ताहराला थेट खोटे ठरवू पाहिले. त्या पत्राच्या वाचक-प्रतिनिधी मार्गारेट सुलिव्हन यांनी दोन्ही बाजू तपासून निष्कर्ष छापला: वार्ताहराच्या नोंदींत काटेकोरपणा कमी पडला, निर्णयही चुकले, पण अप्रामाणिकपणा दिसत नाही. स्वतःच्या पानावर स्वतःच्या माणसाविषयी! विद्युत गाडी आपली रोजनिशी स्वतः लिहिते, ही परीक्षकाच्या दृष्टीने नवी गोष्ट आहे; मात्र ती रोजनिशी उत्पादकाच्या कपाटात असते आणि सोयीची तेवढीच पाने बाहेर येतात. ती परीक्षकालाही पूर्ण मिळाली पाहिजे, हा आग्रह टेस्लावर टीका करणाऱ्यांनी धरायला हवा होता.

‘टॉप गिअर’कडून मागायचे होते ते याहून कितीतरी स्वस्त होते. गाडी ढकलली जात असताना पडद्याच्या तळाशी चार सेकंद एक ओळ: गाडीतील वीज संपलेली नाही. विनोद त्यानंतरही तितकाच हसवून गेला असता.