बेटावरचा वर्ग

समुद्र खवळलाय, आजची बोट रद्द, असं केपटाउनच्या धक्क्यावर कळलं तेव्हा आमच्या नऊ जणांच्या गटातले सात चेहरे उतरले. उरलेले दोघे आम्ही. ‘दर्या चांगला नाही’ हे वाक्य कोकणातल्या माणसाला नवीन नसतं.

पाठीवर सॅक टाकून जाणाऱ्यांची ही चार दिवसांची सहल. हॉस्टेलमध्ये मुक्काम, स्वयंपाकघर सगळ्यांत एक, फिरायला छोटी व्हॅन. बाकीचे सगळे विशी-पंचविशीतले. ‘या वयात सॅक?’ असं घरी नणंदेनं विचारलंच होतं. पण आम्ही वेगळी खोली मागून घेतली, आणि चाळीस जणांच्या बसपेक्षा हे बरं पडलं. जोहरच्या वेळी व्हॅन थांबवा म्हटलं की वाटाड्या थांबवायचा. तोही तिथलाच मुसलमान होता. हलालचं चिन्ह तर तिथे जागोजागी दिसतं.

बोट चुकली म्हणून त्यानं आम्हाला बो-काप या जुन्या वस्तीत नेलं. टेकडीच्या उतारावर रंगीबेरंगी घरं, आणि डॉर्प स्ट्रीटवर अव्वल मशीद. 1794 ची ही दक्षिण आफ्रिकेतली सगळ्यात जुनी मशीद. जागा होती कोरिडॉन नावाच्या मुक्त झालेल्या गुलामाची. त्याच्या मागे त्याची मुलगी सार्त्ये हिनं ती मशिदीसाठी राखली. या बाईंचं नाव मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं.

मशिदीचे पहिले इमाम अब्दुल्लाह बिन काजी अब्दुस्सलाम. लोक त्यांना ‘तुआन गुरू’ म्हणतात. हो, आपलाच ‘गुरू’ शब्द, मलाय भाषेतून तिथे पोचलेला. ते आजच्या इंडोनेशियातल्या तिदोर बेटावरचे. डचांनी त्यांना राजकीय कैदी म्हणून 1780 मध्ये केपला आणलं आणि रॉबेन बेटावर ठेवलं. तिथे त्यांनी आठवणीतून कुरआन लिहून काढला. सुटल्यावर 1793 मध्ये त्यांनी डॉर्प स्ट्रीटवर मदरसा काढला, आणि गुलामांची मुलं तिथे शिकू लागली. त्यांच्या हातचा कुरआन आज मशिदीत काचेमागे आहे. मध्यंतरी तो पोटमाळ्यावर विसरून पडला होता. आपल्याकडे किती माळ्यांवर काय काय पडलं असेल, असं मनात आलंच.

तिथले बहुतेक मुसलमान शाफई, आपल्या कोकणासारखेच. दुसऱ्या दिवशी फजरला इमामसाहेबांनी कुनूतसाठी हात उचलले तेव्हा हे माझ्यासाठी घरीच असल्यासारखं होतं. कोकणातूनही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून माणसं या शहरात आली. यांचे एक चुलत आजोबा त्यातलेच. गेले ते परतले नाहीत. त्यांची कबर शोधा, असं निघताना सासूबाईंनी सांगितलं होतं. चार दिवसांत ते जमलं नाही.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट मशिदीबाहेरच्या पायरीवरची. वाटाड्यानं मोबाइलवर त्याच्या आजीच्या मदरशातल्या वहीचं एक पान दाखवलं. अक्षरं अरबी, जेर-जबर सगळं दिलेलं. मी उत्साहानं वाचायला लागले आणि अडकले. वाचता येतं, कळत नाही! भाषा होती आफ्रिकान्स. डचांच्या बोलीतून घडलेली ही भाषा केपच्या मुसलमानांनी अरबी लिपीत लिहिली. अरबीत नसलेल्या उच्चारांसाठी अक्षरांवर जास्तीचे नुक्ते दिले. 1877 मध्ये तर इस्तंबूलला अबू बक्र एफेंदींचं ‘बयानुद्दीन’ याच लिपीत छापलं गेलं. पुढे हीच भाषा गोऱ्या सत्तेची म्हणून मिरवली. तिच्या सुरुवातीच्या काही वह्या मदरशातल्या पोरांच्या होत्या.

आमच्या गटात हॉलंडची एक मुलगी होती. तिला लिपी येईना, मला भाषा. मग मी एकेक अक्षर जोडून मोठ्यानं वाचायचं आणि तिनं अर्थ सांगायचा, असं ठरलं. ‘वाटर’ म्हटलं आणि ती ओरडली, पाणी! पुढे ‘हांडे’ आलं, म्हणजे हात. ते पान वुजूचं होतं. सहा फर्ज पुरे व्हायला आम्हाला पाऊण तास लागला. शेवटी तिनं विचारलं, या लोकांना इथे आणणारे माझेच लोक ना? वाटाड्या ‘हो’ म्हणाला, आणि तिला नारळ भुरभुरलेलं कुसिस्तर खायला दिलं.

दुसऱ्या दिवशी दर्या शांत होता. रॉबेन बेट किनाऱ्यापासून सुमारे 7 किलोमीटर. तुरुंग दाखवणारा माणूस स्वतः तिथे कैद भोगलेला. मंडेलांनी सत्तावीसपैकी अठरा वर्षं इथे काढली. त्यांची कोठडी आमच्या शाळेच्या स्टोअररूमपेक्षा लहान आहे.

मी जास्त वेळ थांबले ती जेवणाच्या फलकापाशी. भारतीय आणि मिश्रवंशीय कैद्यांना एक शिधा, काळ्यांना दुसरा. पहिल्यांना जॅम, दुसऱ्यांना नाही. कपड्यांतही तेच. सुरतजवळून आलेल्या मुसलमान कुटुंबातले अहमद कथराडा मंडेलांबरोबरच 1964 मध्ये जन्मठेपेवर आले, त्या खटल्यातून या बेटावर आणलेल्यांत वयानं सगळ्यात लहान. त्यांना लांब विजार मिळाली. वयानं मोठ्या मंडेलांना अर्धी. कथराडांना ती अंगावर घालताना काय वाटलं असेल? जुलूम करणारा असा एखादा तुकडा जास्त देऊन माणसं फोडतो. आपल्या मुलांना हे शिकवायला पुस्तकात धडा नाही.

चुनखडीच्या खाणीत याच कैद्यांनी एकमेकांना शिकवलं. कुणी इतिहास, कुणी कायदा. निरक्षर आले ते साक्षर होऊन गेले. खाणीच्या लख्ख उजेडानं कित्येकांचे डोळे बिघडले, पण वर्ग चालू राहिला. तुरुंगाजवळ सय्यद अब्दुर्रहमान मोतुरू यांची मजार आहे, हिरव्या घुमटाची. तेही डचांचे कैदी. फातिहा पढायला पाचच मिनिटं मिळाली.

खरं सांगायचं तर निघताना माझं मन शाळेतून उडालं होतं. उर्दू माध्यमाच्या आमच्या पाचवीत अकरा मुलं. पटसंख्या, समायोजन, अतिरिक्त शिक्षक हेच शब्द कानावर. पालक म्हणतात, उर्दूचं काय करायचं? बाहेर लोक म्हणतात, तुम्ही मराठी छान बोलता हो! माझी नानी कोकणी बोलायची आणि पत्रं उर्दू लिपीत लिहायची. ती पत्रं आम्ही रद्दीत घातली.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी त्या अकरा जणांना सांगितलं, घरी अम्मी-दादी जे बोलतात ते तसंच उर्दू लिपीत लिहून आणा. दुसऱ्या दिवशी एकानं दादीची भाकरीची कृती आणली, एकीनं शेजारणीशी झालेलं भांडण. ‘पाणी’ लिहिताना सगळे अडले. उर्दूत ‘ण’ नाही. नूनवर कुणी छोटी तोय काढली, कुणी तीन नुक्ते दिले. कोणतं बरोबर यावर तास संपला, आणि मधल्या सुट्टीतही वाद चालूच होता.