पंधरापैकी चौदा!

लर्निंग लायसन्सची परीक्षा म्हणजे १५ प्रश्न, पास व्हायला ९ बरोबर. आधार कार्ड असेल तर महाराष्ट्रात २०२१ पासून घरबसल्या देता येते. दादा म्हणाला, "तू नुसती कॅमेऱ्यासमोर बस, उत्तरं मी सांगतो." मी त्याला खोलीबाहेर काढलं! दोन रात्री पाठ केलं होतं राव... त्रिकोणी पाटी म्हणजे इशारा, गोल म्हणजे हुकूम, झेब्रा क्रॉसिंगवर पहिला हक्क पायी चालणाऱ्याचा. मिळाले १४!

रविवारी आमच्या एमएच १३ ला लाल 'एल' चिकटवला. शेजारी बाबा. सात रस्त्याच्या अलीकडे क्रॉसिंगवर एक आजी पिशवी घेऊन उभ्या. मी ब्रेक मारला. मागून हॉर्नवर हॉर्न, "ओ मॅडम, चला की!" आणि आजी? हलेचनात! आपल्यासाठी कुणी थांबलंय, यावर त्यांचा विश्वासच बसेना. शेवटी मी हातानंच 'जावा' म्हणून खुणावलं.

तीस वर्षं गाडी चालवणारे बाबा हळूच म्हणाले, "मी इथं कधी थांबलो नाही गं."

दोस्तांनो, पेपर दादानंही सोडवला असता. पण ब्रेकवर पाय माझा होता ना!