आधी पाहा, मग पाऊल टाका

दिवाळीचे चार दिवस आमच्या इमारतीत सर्वांत जास्त कोणी राबत असेल, तर ती लिफ्ट! फराळाची ताटे, पाहुण्यांच्या बॅगा, भाचरे-पुतणे, सारे तिच्यातूनच वरखाली. आणि आत शिरताना एखाद्या आजीबाई हमखास विचारतात, "दोर तुटला तर हो?"

आजीबाईंना मी सांगतो, दोराची धास्ती घेऊ नका. आपण ज्यात उभे राहतो तो पाळणा एका नव्हे, अनेक पोलादी दोरांवर लोंबतो. शिवाय १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस हा कारागीर उंच टांगलेल्या फळीवर उभा राहिला आणि भर गर्दीत त्याने वरचा दोर कापायला लावला. फळी जराशी घसरली नि जागीच अडकली! आजही पाळण्याचा वेग हद्दीबाहेर गेला, की खालचे चिमटे दोन्ही बाजूंच्या रुळांना घट्ट आवळतात.

खरी भीती दाराची. पाळणा समोर नसताना बाहेरचे दार उघडू नये आणि दार उघडे असताना पाळणा हलू नये, म्हणून दाराला खास कुलूप असते. ते झिजले, की दारापलीकडे असते खोल विहीर! म्हणून दार उघडल्यावर आधी पाहावे, मग पाऊल टाकावे. जाळीच्या दारातून मुलांचे इवले हात सहज बाहेर जातात. ते आपल्या हातात असावेत.

लिफ्ट मध्येच अडकली तर घंटा वाजवून स्वस्थ राहावे. हवा आत येतच असते. दार ओढून खाली उडी घेणारा शूर गडी मात्र पाळण्याखालच्या फटीतून थेट विहिरीत जायचा! आग लागली असेल तर जिनाच बरा.

सोसायटीच्या सभेत रोषणाईचा खर्च दोन मिनिटांत मंजूर होतो. लिफ्टच्या दुरुस्तीला मात्र "पुढच्या वर्षी पाहू"! महाराष्ट्रात २०१७ सालचा लिफ्टचा कायदा आहे, सरकारी निरीक्षकही आहेत. पण दार नीट लागत नाही हे रोज पाहतो आपणच. "जरा जोरात ओढा, लागेल," असे शेजाऱ्याला शिकवण्यापेक्षा लिफ्ट बंद ठेवावी आणि दुरुस्तीवाल्याला बोलवावे. चार दिवस जिने चढून पाय दुखले तर दुखोत. चकल्या तरी पचतील!